गोलाईजवळच्या मामांनी जे काम नाकारलं

लातुरात इंटरकॉम, दुकानातलं छोटं एक्सचेंज, कॅमेरे, लँडलाईनची वायरिंग अशी कामं करणारे बरेच जण आहेत. आम्ही यंदा मे महिन्यात ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांचं दुकान गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकावर, पहिल्या मजल्यावर आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण नाव टाकू का म्हणून विचारलं तर ते नको म्हणाले. आमच्या दुकानात सगळे त्यांना मामाच म्हणतात. टेलिफोनच्या लाईनी ओढण्यात त्यांची तीस वर्षं गेली आहेत. हा अनुभव त्यांनी केलेल्या कामाचा आहे, पण त्याहून जास्त त्यांनी न केलेल्या कामाचा आहे.

आमचं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. मुख्य दुकान लातूरला, दुसरं उदगीरला. वर्षभर फोन बेताचेच असतात, पण मृगाचे ढग दिसायला लागले की सकाळी सातपासून घंटी थांबत नाही. "पाऊस पडू लालाय ताई, फुले संगम हाय का ओ?" माणसं बदलतात, प्रश्न तोच, सोयाबीनच्या या वाणाचा. लँडलाईनचा नंबर सासऱ्यांच्या काळापासूनचा. 02382 पुढचे सहा आकडे औसा आणि निलंगा तालुक्यातल्या किती भिंतींवर रंगवलेले आहेत ते आता आम्हालाही ठाऊक नाही. हा नंबर एंगेज लागला की शेतकरी दुसरं दुकान गाठतो. त्याचा तरी काय दोष, वापसा आलेला असतो, बैल नाहीतर ट्रॅक्टर ठरलेला असतो. वर आमचं गोदाम म्हणजे चारी बाजूंनी पत्रा, आत मोबाइलला रेंज शून्य. कोणत्या लॉटच्या किती पिशव्या उरल्या हे विचारायला पोराला पळत पाठवायचं. सात-आठ हंगाम आम्ही असेच काढले.

मामा पाहायला आले ते हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि टेस्टिंगचा जुना हँडसेट घेऊन. भिंतीवरचा क्रोन बॉक्स, म्हणजे फोनच्या तारा जोडायची पेटी, उघडला तर आत मुंग्यांचं वारूळ आणि पालीची अंडी. ब्रशने त्यांनी ते हळूच झाडून काढलं, मग एकेक जोडी मोकळी करून माझ्या पुतण्याला रंग म्हणायला लावले: पांढऱ्याबरोबर निळी, केशरी, हिरवी, तपकिरी, करडी. "हा क्रम पाठ असला की रात्री लाईट नसतानाही कुणाला तरी फोनवरून सांगून लाईन जोडता येते," म्हणाले. पुतण्या बारावीनंतर संगणकाचा कोर्स करतोय. पण तांब्याची जोडी हातात धरून काम करताना त्याने कुणाला पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांनी सुचवलं ते साधं होतं. दोन ट्रंक लाईन (बाहेरून येणाऱ्या) आणि आठ एक्स्टेन्शन (आतले फोन) जोडता येतील असं एक्सचेंज घ्यायचं. जुना नंबर फायबरवर न्यायचा, नंबर तोच राहतो. दुसरी लाईन घेऊन कंपनीकडे हंटिंगचा अर्ज द्यायचा, म्हणजे पहिली लाईन एंगेज असेल तर कॉल आपोआप दुसरीवर येतो. गोदामासाठी तर त्यांनी एक रुपया घेतला नाही. दुकानाच्या वायफायचा एक जादा राउटर आत बसवायला लावला आणि चौघांच्या मोबाइलमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. ही सोय 2019च्या डिसेंबरात एअरटेलने आणि 2020च्या जानेवारीत जिओने आणली होती आणि आमच्या सगळ्यांच्या खिशात ती पडून होती. रेंज नसली तरी कॉल इंटरनेटवरून कंपनीपर्यंत जातो आणि पुढे नेहमीसारखा लागतो.

इथेच पुतण्याच्या डोक्यात कल्पना आली. वायफायवरून गोदामातला कॉल लागतो, तर दुबईतला का नाही?

माझे धाकटे दीर चार वर्षांपासून दुबईत आहेत. अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत. साधा फोन लावला तर मिनिटाचे पैसे मोजावे लागतात, म्हणून त्यांचा फोन आठवड्यातून एकदा, तोही पाच मिनिटांचा. सासूबाई गावी राहतात, त्यांच्याकडे बटणांचा फोन. मुलाचा आवाज ऐकायला त्या रविवारी दुपारची झोप टाळून बसतात. पुतण्याने ऑनलाईन शोधून एक डबा मागवला, तळहाताएवढा. एका तोंडाला इंटरनेटची वायर, दुसऱ्या तोंडाला लँडलाईनची. दीर दुबईतून ॲपवरून या डब्याला कॉल करणार, डबा आमच्या लँडलाईनवरून सासूबाईंचा नंबर फिरवणार. आमच्या लाईनवर देशात कुठेही बोलणं फुकट, म्हणजे सगळंच फुकट. खरं सांगते, मला हे ऐकून इतका आनंद झाला होता की मी सासूबाईंना फोन करून सांगूनही टाकलं.

मामांनी डबा हातात घेतला, उलटा केला, लाईनच्या तोंडापाशी लिहिलेली एफएक्सओ (म्हणजे इथे फोनची लाईन जोडायची) ही अक्षरं अंगठ्याने पुसून वाचली आणि तो काउंटरवर ठेवला. "ताई, हे मी जोडून देणार नाही. आणि दुसऱ्या कुणाकडूनही जोडून घेऊ नका."

मला आधी राग आला. काम माझं, लाईन माझी, दीर माझा. हे कोण नाही म्हणणारे? मग ते खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि अर्धा-पाऊण तास समजावत राहिले. त्यांचं हे बोलणं मला बाकी सगळ्या कामाहून मोलाचं वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट त्यांनी अशी सांगितली की प्रश्न इंटरनेटवरून बोलण्याचा नाहीच. आपला 4जी मोबाइलचा कॉल, फायबरवरची लँडलाईन, गोदामातलं वायफाय कॉलिंग, या सगळ्यांत आवाज इंटरनेटच्याच पद्धतीने, तुकडे होऊन जातो. ॲपवरून ॲपवर कितीही बोला, त्यालाही इथे बंदी नाही. नियम लागतो तो सांध्यावर. इंटरनेटवरचा कॉल ज्या ठिकाणी नेहमीच्या फोनच्या जाळ्यात शिरतो, ते दार परवानाधारक कंपनीचंच असलं पाहिजे. परदेशातला कॉल असेल तर तो आंतरराष्ट्रीय सेवेचा परवाना असलेल्या कंपनीच्या गेटवेमधूनच देशात आला पाहिजे. आमचा डबा म्हणजे आमच्या काउंटरखाली उघडलेलं एक चोरदार झालं असतं.

मग त्यांनी 2017ची आठवण काढली. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. जून महिन्यात इथे बेकायदा टेलिफोन एक्सचेंजवर छापे पडले. परदेशातून इंटरनेटवर येणारे कॉल इथल्या सिमकार्डांवरून पुढे सोडले जात होते. त्या वेळी मी पेपरात बातमी वाचली होती. एक्सचेंज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे टेलिफोन भवनाची इमारत आली होती. ती यंत्रं एका टेबलावर मावतात हे आता कळलं. "त्यांच्याकडं सिमकार्डं होती, तुमच्याकडं लँडलाईन आहे. काम एकच," मामा म्हणाले.

यात तोटा कुणाचा, हे मी विचारलं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे इथल्या कंपनीला ठरलेले पैसे मिळतात. ते पूर्वी 53 पैसे होते, 2018च्या फेब्रुवारीत 30 पैसे झाले, पुढे 2020च्या मेपासून 35 ते 65 पैशांच्या दरम्यान ठरवायची मुभा मिळाली. चोरदारातून आलेला कॉल हे पैसे बुडवतो. पण मामांच्या मते पैशांची गोष्ट दुय्यम. कॉल घेणाऱ्याला दिसतो तो आमच्या दुकानाचा नंबर. बोलणारा कोण, कुठून बोलतोय, काही समजत नाही, आणि पोलिसांनी कंपनीकडे चौकशी केली तर माग आमच्या काउंटरपाशी येऊन संपतो. त्यात हे डबे इंटरनेटवर उघडे पडले की इंटरनेटवरच्या कॉलसाठीचं 5060 नंबरचं पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दार, चाचपणारे लोक रात्रंदिवस फिरतच असतात. साधा पासवर्ड ठेवला की कुणीही परका आमच्या लाईनवरून कुणालाही फोन लावील. धमकीचा, फसवणुकीचा, कसलाही. भिंतींवर रंगवलेला सासऱ्यांचा नंबर पोलिसांच्या कागदावर आला असता, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

शिक्षेचंही त्यांनी सांगितलं. पूर्वी 1885चा तार कायदा होता. आता दूरसंचार अधिनियम 2023 आहे, त्याचं 42वं कलम 26 जून 2024 पासून लागू झालंय. परवान्याशिवाय दूरसंचार सेवा दिली किंवा जाळं उभारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आम्ही कुठं धंदा करतोय, घरचाच माणूस आहे," असं पुतण्या म्हणाला. त्यावर मामांनी विचारलं, "दुबईत त्यांच्या खोलीत किती जण राहतात?" सहा. "महिन्याभरात सहाही जण तुमच्या लाईनवरून बोलतील. नाही म्हणाल का त्यांना?" पुतण्या गप्प झाला. माझे दीर कसे आहेत ते मला माहीत आहे, त्यांनी एकालाही नाही म्हटलं नसतं.

पुतण्याची दुसरी मागणीही त्यांनी फेटाळली. उदगीरला 02385ची एक लाईन घ्यायची, तिथे असाच डबा ठेवायचा, तिथले कॉल इंटरनेटवरून लातूरच्या एक्सचेंजमध्ये आणायचे आणि इथल्या लाईनवरून पुढे विक्री प्रतिनिधींच्या मोबाइलवर सोडायचे. एका गावच्या लाईनवर आलेला कॉल खासगी इंटरनेटवरून वाहून दुसऱ्या गावच्या लाईनवर बाहेर काढणं, याला टोल बायपास म्हणतात. कंपनीचा मार्ग चुकवणं असा त्याचा अर्थ. कॉल सेंटरांसाठीचे नियम 2020च्या नोव्हेंबरात आणि 2021च्या जूनमध्ये बरेच सैल झाले. पण टेलिफोन कंपनीचं काम परवान्याशिवाय करायची मोकळीक त्यातही कुणाला मिळालेली नाही.

माझं मत विचाराल तर या नियमांचा काही भाग फार उशिरा सुधारला. 1 एप्रिल 2002 पासून आपल्याकडे इंटरनेटवरून बोलायला परवानगी आहे. पण ती कशी? संगणकावरून संगणकावर चालेल, इथल्या संगणकावरून परदेशातल्या फोनवरही चालेल, इथल्या संगणकावरून इथल्याच फोनवर मात्र नाही. म्हणजे लातूरहून लंडनच्या फोनवर बोलता येत होतं, लातूरहून लोहाऱ्याच्या फोनवर नाही. 2014च्या नोव्हेंबरात स्काइपनेही भारतातून भारतातल्याच मोबाइल-लँडलाईनवर लावायचे कॉल बंद केले. सोळा वर्षं हे असंच चाललं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2017च्या ऑक्टोबरात शिफारस केली, 2018च्या जूनमध्ये दूरसंचार विभागाने खुलासा काढला आणि फोनसेवेचा परवाना असलेल्या कंपन्यांना ॲपवरून कुठल्याही फोनवर कॉल जोडून द्यायचा मार्ग मोकळा झाला. इंटरनेट दुसऱ्या कंपनीचं असलं तरी हरकत नाही. बीएसएनएलने लगेच वर्षाला 1099 रुपयांत विंग्ज नावाची सेवा आणली होती. आता तर झूमसारख्या परदेशी कंपनीनेही रीतसर परवाना घेऊन 2024 मध्ये आपली फोनसेवा महाराष्ट्रात, पुण्यापासून सुरू केली. खेड्यापाड्यांत मोबाइलच्या टॉवरआधी फायबर पोचलेल्या किती शाळा, किती दवाखाने असतील. त्यांना ही सोळा वर्षं आधी मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. परवाना लागावा याबद्दल मात्र आता माझ्या मनात शंका नाही.

उदगीरचा प्रश्न मामांनी याच मार्गाने सोडवायचं ठरवलं. परवानाधारक कंपनीची क्लाउड टेलिफोनी घ्यायची. नंबर कंपनी देते. कॉल आधी तिच्या यंत्रणेत येतो आणि तिथून उदगीरच्या दोघांच्या ॲपवर वाजतो, दोघांनीही उचलला नाही तर लातूरच्या टेबलावर. सांधा कंपनीच्या दारात, आमच्या काउंटरखाली काही नाही. दोन जागांचे मिळून महिन्याला साधारण दीड हजार रुपये, कर वेगळा. डब्याच्या मानाने महाग आहेच. मामांना यात कमिशन मिळतं का, हे मी तोंडावर विचारलं. मिळतं, पहिल्या वर्षाचं, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि कोटेशनवर तसं लिहूनही दिलं.

राहिल्या सासूबाई. यावर मामांनी दिलेला सल्ला इतका साधा होता की आम्हाला तो आधी सुचला कसा नाही याचं वाईट वाटलं. अमिरातीत तिथल्या परवान्याची बोटिमसारखी ॲप चालतात. ॲपवरून ॲपवर बोललं तर फोनच्या जाळ्याशी संबंधच येत नाही, मग इथे चोरदार कशाला हवं? अडचण फक्त सासूबाईंच्या बटणांच्या फोनची. जो पैसा डब्यात घातला होता त्यात थोडी भर घालून आम्ही त्यांना एक साधा स्मार्टफोन घेतला. डबा परत पाठवला. फोनच्या पहिल्या पानावर एकच खूण ठेवली. पहिल्या रविवारी त्यांना अंगठ्याने पडदा सरकवता येईना, काम करून करून बोटं इतकी खरखरीत झाली आहेत की पडद्याला स्पर्शच कळत नव्हता. पुतण्याने ओल्या फडक्याने त्यांचा अंगठा पुसला आणि मग जमलं. दिरांचा चेहरा दिसला तेव्हा त्या काही बोलल्याच नाहीत. फोन देव्हाऱ्यासमोर नेऊन त्यांनी दिरांना आधी देवाचं दर्शन घ्यायला लावलं.

आता कामातल्या उणिवा. मामा वेळेचे पक्के नाहीत. चार दिवसांत होईल म्हणालेलं काम अकरा दिवस चाललं आणि तेही ऐन मेच्या शेवटच्या आठवड्यात, माल उतरत असताना. एका हँडसेटमध्ये खरखर होती, तो बदलून घ्यायला तीन फोन करावे लागले. लाईट गेली की एक्सचेंज बंद पडतं हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. यूपीएस आम्ही नंतर वेगळा घेतला. एक्स्टेन्शनची यादी त्यांनी पेन्सिलने लिहून चिकटवली होती, ती पहिल्याच दमट आठवड्यात पुसट झाली.

पण अर्थिंगचं काम त्यांनी असं केलं की बाकीचं मी विसरले. वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा किती पडतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. जुन्या लाईनवरून वीज येऊन आमचे दोन फोन पूर्वी जळालेत. मामांनी मागच्या अंगणात खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरून अर्थिंग केलं, दोन्ही लाईनींना सर्ज प्रोटेक्टर बसवले आणि मीटर लावून आकडा मला दाखवला. जूनच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या लिंबावर वीज पडली. शेजारच्या दुकानातला राउटर गेला, आमचं एक्सचेंज चालू राहिलं.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: एक्सचेंज, सहा हँडसेट, वायरिंग, अर्थिंग, मजुरी मिळून आम्हाला एकोणीस हजारांच्या आसपास पडलं. पक्कं बिल मिळालं. वर्षाच्या देखभालीचे दोन हजार वेगळे.

एक सांगायचं राहिलं. परदेशातून फोन आहे असं बोलणारा म्हणतोय आणि पडद्यावर मात्र भारतातला मोबाइल किंवा लँडलाईन नंबर दिसतोय, असं झालं तर तो कॉल अशाच एखाद्या चोरदारातून आलेला असू शकतो. आमच्या गल्लीत एका आजींना मस्कतहून मुलाचे फोन असेच वेगवेगळ्या भारतीय नंबरांवरून यायचे. स्वस्त कार्ड मिळालंय असं तो सांगायचा. अशा कॉलची तक्रार संचार साथी पोर्टलवर किंवा 1963 वर करता येते. 2024च्या ऑक्टोबरात सरकारने भारतीय नंबरांचा मुखवटा घालून बाहेरून येणारे कॉल अडवायची यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या 24 तासांतच असे 1.35 कोटी कॉल पकडले गेले. पण सिमकार्डांच्या डब्यातून आलेला कॉल खऱ्या भारतीय सिमवरूनच आलेला असतो, त्यामुळे तो घेणाऱ्यानेच कळवावा लागतो. त्या आजींच्या मुलाला मी मामांनी सांगितलेलं सगळं समजावून सांगितलं. आता तोही ॲपवरूनच बोलतो.

उदगीरची जोडणी सोयाबीनच्या राशी झाल्यावर करायची ठरली आहे, तोवर तिथल्या पोरांनाही सवड नाही. मामांना तारीख दिली आहे, दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार. यावेळी ती त्यांच्याच हस्ताक्षरात, शाईने लिहून घेतली आहे.